गोंदण दिसेल अशी लेन्स

आमच्या भागातली नवी पोरं कॅमेरा घेतात आणि थोड्याच दिवसांत माझ्याकडं येतात. प्रश्न ठरलेला असतो. "गजू भाऊ, पोर्ट्रेटले अन् लग्नाले कोणती लेन्स घेऊ? सस्तीतली सांगा." माझं उत्तरही ठरलेलं आहे. मी म्हणतो, "दुकानात जाताना आईला सोबत ने." पोरं हसतात. त्यांना वाटतं, भाऊ म्हातारे झाले, चेष्टा करून राह्यले. चेष्टा नाही बाबा. मी स्वतः माझ्या आईला एसटीत बसवून चंद्रपूरला कॅमेऱ्याच्या दुकानात नेलं होतं आणि तिला दुकानाच्या दारात बसवून लेन्स निवडली होती. आयुष्यात मी बरीच खरेदी केली आणि तीतली बरीचशी वाया गेली. ही एक खरेदी मात्र अशी झाली की तिच्याबद्दल मी कुठंही, कोणासमोरही छाती काढून बोलतो. दिवाळी अंकासाठी धंद्यातला अनुभव लिहा म्हणून निरोप आला तेव्हा दुसरं काही डोक्यात आलंच नाही.

माझा स्टुडिओ गोंडपिपरीत, बसस्टँडपासून जवळच. पाटी अजून माझ्याच नावाची आहे, गल्ल्यावर आता सून बसते आणि कॅमेराही तीच चालवते, माझ्यापेक्षा शांतपणे. मी शांत कधीच नव्हतो. लग्नात कोणी मोबाईल घेऊन माझ्या पुढ्यात उभा राहिला की माझा पारा चढायचा. एका नवरदेवाच्या मित्राला मी बाजूला सारलं तर तो थेट हारांच्या टोपल्यात बसला. त्या लग्नात मला जेवायला उशिरा वाढलं. वाढू दे, फोटो तर चांगले आले.

बाहेरच्या माणसाला आमच्या धंद्याची एक गोष्ट आधी समजावून सांगावी लागते. आमच्याकडं लग्नं उन्हाळ्यात होतात आणि मांडव हिरवा असतो. म्हणजे खरोखर हिरवा. जांभळाच्या फांद्या तोडून आणतात, लाकडी खांबांच्या म्हणजे बल्ल्यांवर दाट पसरतात, आणि त्याखाली एवढा गारवा होतो की बाहेर आग ओकणारं ऊन आहे हे विसरायला होतं. माणसांना बरं वाटतं, फोटोग्राफरचे मात्र हाल. वरून पानांतून गाळून येणारा उजेड हिरवट, त्यातच कुठं भोक असलं तर तिथून उन्हाचा पांढरा ठिपका नेमका नवरीच्या नाकावर. हळद लागलेला चेहरा त्या उजेडात कच्च्या आंब्यासारखा दिसतो. म्हणून आम्ही सगळे काय करायचो, फ्लॅश मारायचो. समोरून धाडकन फ्लॅश. चेहरा पांढरा फटक, मागं काळोख, डोळे मिटलेले. लोक पैसे देत होते, आम्ही घेत होतो. कोणाची तक्रार नव्हती.

तक्रार घेऊन पहिली आली ती प्रियंका.

आष्टीच्या पुढं, वैनगंगा ओलांडून आत जंगलात एक गोंडांचं गाव आहे, तिथली ही मुलगी. नर्सिंग शिकलेली, आरोग्य केंद्रात कामाला. लग्नाची ऑर्डर द्यायला ती स्वतःच आली, सोबत तिचा मामा मनोहर. आमच्याकडं नवरी स्वतः ऑर्डर द्यायला येत नाही, म्हणून मी जरा नीट बसलो. "जय सेवा भाऊ," म्हणाली आणि बसायच्या आधीच मुद्द्यावर आली.

"भाऊ, माह्या लग्नाचे फोटो कमी काढले तरी चालते. मले माह्या काकोसंग एक फोटो पायजे. तिचं गोंदण दिसलं पायजे."

काको म्हणजे तिच्या आईची आई, सोमीबाई. प्रियंका लहान असताना आई वारली, तेव्हापासून त्या बुढीनं आणि मामानं तिला वाढवलेलं. आता तिला दिली होती पार सिरोंच्याकडं. गोंडांमध्ये जुन्या रिवाजाप्रमाणं लग्न नवरदेवाच्या गावी लागतं, नवरीला तिकडं घेऊन जातात. सोमीबाईंचे गुडघे गेलेले, त्या एवढ्या लांब जाणार नव्हत्या. म्हणजे नात घरून निघायच्या आधी, तिच्याच मांडवात, हा फोटो व्हायला हवा होता. नाही झाला तर पुन्हा कधी, कोण सांगणार. बुढीचं वय बघता प्रियंकाला ती भीती होतीच.

मी म्हटलं, "त्यात काय एवढं? काढून टाकू."

मनोहर हसला. म्हणाला, "भाऊ, बुढी बसतच नाई ना कॅमेऱ्यापुढं. आमच्या मोठ्या पोराच्या लग्नात एकानं काढला होता तिचा फोटो. मोठा करून, चौकट लावून आणला. तिनं पाह्यला अन् मनते, हे कोन बाई होय? ऐन कपाळावरचं गोंदण गायब, हनुवटीवरचं गायब. फ्लॅशनं उडालं म्हणते कोनी, कोनी म्हणते लॅबवाल्यानं तोंड गुळगुळीत केलं. तिनं तो फोटो भिंतीकडं तोंड करून टांगून ठेवला. अजून तसाच हाय."

"काढून काऊन नाई टाकला?"

"मनते, मले उघडी केली त्या मानसानं. उघड्या बाईचा फोटो कोनी पाहू नये."

तो फोटो काढणारा मी नव्हतो. पण मी असतो तरी तसाच काढला असता, कारण माझ्याकडंही तीच कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स होती आणि तोच फ्लॅश. त्या वाक्यानं मला आतून हलवलं. आपण इतकी वर्षं माणसांचे फोटो काढतो आणि एका बाईला त्यात नागडं केल्यासारखं वाटतं, हे मला सहन होईना. मी प्रियंकाला म्हणालो, "तुझी काको बसेल. मी करतो काहीतरी." बोलून गेलो आणि मग घाबरलो.

सोमीबाईंनी अट घातली होती, तीही मनोहरनं सांगितली. काढलेला फोटो तिथल्या तिथं दाखवायचा. गोंदण दिसलं तर ठीक, नाही तर मिटवून टाकायचा आणि पुन्हा विचारायचं नाही.

घरी येऊन मी आईवर प्रयोग सुरू केले. आई तेव्हा ऐंशीच्या घरात. आम्ही गोंड नाही, पण झाडीपट्टीतल्या जुन्या बायांना गोंदण असतंच. आईच्या कपाळावर ठिपका, हनुवटीवर तीन टिकल्या आणि हातावर तुळस. फ्लॅश मारून काढला, आईच्या तेल लावलेल्या कपाळावर नुसती चमक आली, टिकली कुठं दिसेना. फ्लॅश बंद करून काढला, फोटो हलला. का हलला ते सांगतो. लेन्स म्हणजे खिडकी. कॅमेऱ्यासोबत स्वस्तात येते ती लेन्स म्हणजे अर्धवट उघडणारी खिडकी, तीतून उजेड कमी येतो, मग कॅमेऱ्याला जास्त वेळ डोळा उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्यात बाई हलते. चेहऱ्यावरची बारीक गोष्ट पुसली जाते. गोंदण तर काय, आधीच जुनं, त्वचेत विरलेलं.

आई वैतागली. "काऊन रे, सकाळपासून मले पोत्यासारखी इकून तिकडं ठेवून राह्यला तू?"

मी म्हटलं, "आई, उद्या चंद्रपूरला चल माझ्यासोबत."

"काऊन? डोळे तपासाले?"

"लेन्स घ्यायला."

"मंग चष्म्याचंच दुकान ना."

तिला शेवटपर्यंत वाटत होतं की आपण चष्म्यासाठी चाललो. दुकानात पोचलो तर मालक ओळखीचा. माझी आई सोबत आहे म्हटल्यावर त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. मी त्याला सगळं सांगितलं, गोंडांच्या घरची बुढी, हिरवा मांडव, गोंदण. माणूस मोठा चांगला. हसला नाही. म्हणाला, "भाऊ, मले विकायचं काय ते मी नंतर पाहीन. आधी मायले दारात बसवा, अर्धी उजेडात, अर्धी सावलीत. अन् एकेक लेन्स लावून पाहा."

पहिली लावली ती मोठी झूम. लग्नवाले तिच्यावर जीव टाकतात. एकाच लेन्समध्ये लांबचं, जवळचं, मांडव, माणसं सगळं. आईचं गोंदण तीत सुंदर आलं. पण ती घ्यायची तर मला स्टुडिओच विकावा लागला असता, आणि वजन एवढं की दिवसभर गळ्यात घालून फिरलो असतो तर मान मोडली असती. मी ती परत ठेवताना हात जरा जड झाला, खोटं कशाला बोलू.

दुसरी लावली ती पंच्याऐंशी एमएमची. पोर्ट्रेटसाठी हिचं फार नाव आहे, आणि खरंच आहे. चेहरा अगदी मखमली येतो, मागचं सगळं विरून जातं. पण आईचा चेहरा आणि खांदे चौकटीत बसवायला मला मागं, मागं, मागं जावं लागलं. दुकानाची पायरी उतरलो, रस्त्यावर आलो, आणि एक ऑटोवाला माझ्या आईबापाचा उद्धार करत बाजूनं गेला. आईनं दारातूनच त्याला दोन शब्द सुनावले. मालक म्हणाला, "गजू भाऊ, गोंडाच्या घरात तुम्हाले एवढं मागं जाता येते का?" मी विचार केला. येत नाही. मांडवात माणसं खच्चून, घरात खोल्या चिंचोळ्या.

तिसरी लावली ती पन्नासची, एक पॉइंट आठवाली. दिसायला एवढीशी, डब्याच्या झाकणासारखी. तीत झूम नाही. जवळ पाहिजे तर आपण पुढं जायचं, लांब पाहिजे तर मागं. पायानं झूम. पण खिडकी मोठी, पूर्ण उघडणारी, माझ्या जुन्या लेन्सपेक्षा कितीतरी पट उजेड आत घेणारी. माझा कॅमेरा लहान सेन्सरचा आहे, त्यावर पन्नासची लेन्स थोडं जवळ ओढून दाखवते, म्हणून एका-दोघांच्या चेहऱ्याला ती बरोबर बसते. मी दुकानाच्या आतच उभा राहून आईचा फोटो काढला. पडद्यावर मोठा करून पाहिला. कपाळावरचा ठिपका, हनुवटीवरच्या तीन टिकल्या, सगळ्या जागेवर. एका टिकलीचा काठ थोडा फाकलेला होता, तोही दिसला. आईला दाखवलं. आईनं फोटोतल्या टिकलीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे लहानपणी मी हलली होती ना, म्हणून पसरलं. माह्या आईनं हात धरले होते माहे." आजवर मला हे माहीत नव्हतं.

मालकाकडं तीच लेन्स वापरलेलीही होती. काचेच्या कडेला बारीक ओरखडा, फोटोत न येणारा. माझ्या ऐपतीत होती. घेतली. परतीच्या एसटीत आई विचारते, "मंग चष्मा कधी भेटन?"

लेन्स हातात बसावी म्हणून मी आधी भद्रावतीच्या एका लग्नात ती वापरली. कारखान्याच्या कॉलनीतलं लग्न, मोठा हॉल. नवरदेवाचे काका माझ्या कॅमेऱ्याकडं बघून म्हणाले, "एवढीशी लेन्स? भाऊ, आमची पार्टी मोठी हाय." त्यांचा समज असा की लेन्स लहान तर फोटोही लहान येतात. मी गुपचूप पुढं एक काळी लांब टोपी लावली, उन्हापासून काच वाचवायची असते ती. काका खूश. फोटो तेच. पण तिथं मला एक धडाही मिळाला. ग्रुप फोटोला पन्नास घेऊन मागं सरकत गेलो, सरकत गेलो, आणि आचाऱ्याच्या ताटांच्या ढिगाला पाठ लागली. एवढा आवाज झाला की वाजंत्री थांबली. तेव्हापासून ग्रुपसाठी जुनी लेन्स, चेहऱ्यासाठी पन्नास. दोन्हींची किंमत मिळून मोठ्या झूमच्या पासंगालाही पुरत नाही, आणि काम सगळं होतं. पोरांना मी हेच सांगतो.

मग प्रियंकाचा दिवस आला. सकाळीच मी पोचलो. मांडव आमच्याकडच्यापेक्षाही दाट होता, जांभळाच्या फांद्यांचा टाळा अजून ताजा. ढोल वाजत होता, बाया गाणी म्हणत होत्या. बाहेर पिकअप उभी, दुपार टळायच्या आत निघायचं होतं म्हणजे सिरोंच्याकडच्या गावाला वेळेत पोचता येईल. सोमीबाई मांडवाच्या एका बल्लीला टेकून बसल्या होत्या. लहानशी बाई, अंगानं काडी, पण बसायची ऐट अशी की सगळा मांडव त्यांनीच बांधला असावा. कपाळभर, गालांवर, हनुवटीवर, दोन्ही दंडांवर, पोटऱ्यांवर गोंदण. मी पाया पडलो. त्यांनी आधी माझ्याकडं नाही, कॅमेऱ्याकडं पाहिलं.

"तो चमकवते तो डब्बा हाय का तुह्यापाशी?"

"नाई आजी. फ्लॅश घरीच ठेवून आलो."

"बस मंग."

प्रियंका हळदीनं पिवळी होऊन शेजारी बसली. मी पन्नास लावली, लेन्स पूर्ण उघडली आणि फोटो काढला. पडद्यावर पाहिलं.

गोंदण नव्हतं. म्हणजे होतं, पण दिसत नव्हतं. चूक लेन्सची नव्हती. गोंदणाचा रंग हिरवट निळा, आणि मांडवातला उजेडही हिरवा. त्या उजेडात त्यांची कातडीच गोंदणाच्या रंगाची झाली होती. मी आईवर चंद्रपूरच्या दारात प्रयोग केला, भर पांढऱ्या उजेडात. जांभळाच्या टाळ्याखाली करून पाहिलाच नव्हता. संगणकावर हिरवा रंग कमी करता येतो, पण तो कमी केला की गोंदणही त्याच्यासोबत जातं. आणि संगणक तिथं होता कुठं.

सोमीबाईंनी हात पुढं केला. "दाखव."

मी दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. रागावल्या नाहीत, हेच जास्त लागलं. "मिटव," म्हणाल्या. मी मिटवला.

प्रियंकाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "काको, एक बार अखीन." बुढीनं मान फिरवली. ठरलं होतं ते ठरलं होतं.

मी मनोहरला बाजूला घेतलं. "मांडवाबाहेर चला म्हणा त्यांना, दोन मिनिटं." मनोहर म्हणाला, "हळद लागलेली पोट्टी मांडवाभायेर निघत नाई, भाऊ. निघाली तं गाडीतच बसन." "मग वरच्या थोड्या फांद्या बाजूला करू?" त्यानं माझ्याकडं नुसतं रोखून पाहिलं. मांडवाची फांदी उपसायला सांगणारा मी कोण?

बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. माझी चिडचिड होत होती, स्वतःवर, त्या ड्रायव्हरवर, जांभळाच्या झाडावर. पाणी प्यायचं म्हणून घरात गेलो. घराचं दार मांडवातच उघडत होतं. आत चिंचोळी खोली, अंधार, आणि पलीकडं मागचं दार, परसात उघडणारं. दार लोटलेलं होतं. मी ते उघडलं.

परसात ऊन पडलं होतं. समोरच्या कुडाच्या भिंतीला पांढऱ्या मातीनं नुकतंच सारवलेलं, लग्नघर म्हणून. त्या भिंतीवरून ऊन उलटून दारातून आत येत होतं, मऊ, पांढरं, दुधासारखं. मी दारात माझा हात धरला. हातावरचा केसन् केस दिसत होता. मला त्या क्षणी एवढा आनंद झाला की पाणी प्यायचंच राहिलं.

धावत बाहेर आलो आणि सोमीबाईंच्या पुढ्यात उकिडवा बसलो. "आजी, एकच बार. फोटो घरातच काढतो. पोरगी घरात येऊ शकते ना? तुमच्याच घरात, तुमच्याच दारात. नाही दिसलं तर कॅमेरा इथंच फोडून जातो."

त्या म्हणाल्या, "फोडू नोको. पोराबाळाचा हायेस." आणि नातीच्या खांद्याला धरून उठल्या.

दोघींना मागच्या दाराशी बसवलं, उजेडाकडं तोंड करून. मी परसातल्या त्या पांढऱ्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. मागं जायला वीतभर जागा नव्हती. पंच्याऐंशी असती तर फक्त नाकच आलं असतं. पन्नासमध्ये दोघी नेमक्या बसल्या. पण आणखी एक भानगड होती. लेन्स पूर्ण उघडली की ती एकाच रेषेतलं स्वच्छ दाखवते, थोडं पुढं-मागं असलेलं धूसर होतं. प्रियंका स्वच्छ आली तर बुढी धूसर, बुढी स्वच्छ तर प्रियंका. दोन्ही चेहरे एका रेषेत यायला एकच उपाय.

"गालाला गाल लावा," मी म्हटलं.

दोघी अवघडल्या. आमच्याकडं मोठ्या झालेल्या पोरीला कोणी असं जवळ घेत नाही. मग सोमीबाईंनीच नातीची मान आपल्या हातानं ओढली आणि गाल टेकवला. प्रियंकाची हळद त्यांच्या गालाला लागली. त्यांनी लगेच पदरानं ती पुसून काढली. कोणाला वाटलं असेल, बुढीला हळद चालत नाही. तसं नव्हतं. "गोंदण झाकते," त्या म्हणाल्या. त्यावर प्रियंकाला हसू आलं, आणि तिला हसताना बघून बुढीलाही. तिथं मी बटण दाबलं. आणखी दोन काढले, पण फोटो तो पहिलाच.

पडदा मोठा करून त्यांच्या हातात कॅमेराच दिला. एवढी वर्षं कोणाच्या हातात कॅमेरा दिला नव्हता. त्या बोट लावून एकेक खूण बघत राहिल्या. कपाळावरच्या रेघा, गालावरचे ठिपके, हनुवटीवरची नक्षी. मध्येच थांबून प्रत्यक्ष आपल्या गालाला हात लावायच्या आणि पुन्हा फोटोत बघायच्या, जुळतं का. बाहेर ढोल चालूच.

"हं," म्हणाल्या. "ही मी होय."

मनोहरनं तोंड फिरवलं. मी मोठा राकट माणूस समजतो स्वतःला, पण माझेही डोळे भरले, आणि मी ते लपवले नाहीत. पुढं पुष्कळ लग्नं केली, नेत्यांच्या घरची, मोठ्या हॉलमधली. पण आजही माझ्या धंद्यात मी काय कमावलं असं कोणी विचारलं तर मी ते तीन शब्द सांगतो.

तेव्हापासून प्रत्येक लग्नात मी थोडा वेळ बाजूला काढतो आणि घरातल्या म्हाताऱ्यांना मागच्या दाराशी बसवतो. आता लोकच मागतात. ढिवरांच्या एका लग्नात नवरदेवाचा आजोबा जाळं खांद्यावर टाकून आधीच दारात येऊन बसला होता. "तो मागच्या दाराचा फोटो काढ," म्हणाला. सून तर आता प्रत्येक घरी गेल्यावर आधी मागचं दार कुठल्या दिशेला आहे ते बघते आणि मग नवरी.

पावसाळ्याआधी मी त्या फोटोच्या दोन मोठ्या प्रती काढल्या, चौकटी लावल्या आणि गावात गेलो. एक सोमीबाईंना, एक प्रियंकाला पाठवायला. सोमीबाई अंगणात मोहाची टोळ, म्हणजे मोहाची फळं, फोडत बसल्या होत्या. भिंतीकडं पाहिलं तर तो उलटा टांगलेला जुना फोटो अजून तिथंच. मी म्हटलं, "आजी, तो काढा आता, हा लावा."

त्यांनी फोटो मांडीवर घेतला, बराच वेळ पाहिला आणि माझ्याकडं परत सरकवला.

"दोन्ही पोट्टीलेच दे."

"आजी, हा तुमचा हाय."

"मले काऊन पायजे? माह्या तं आंगावर हाय. मेल्यावर डागिने सारे इथीच काढून घेतेत, गोंदण तेवढं संग येते. तिकडं आमचे लोक त्याच्यावरूनच वळखतेत." त्या थांबल्या, हातातली टोळ फोडून बी टोपल्यात टाकली. "पोट्टीच्या आंगावर एकबी नाई. लहानपणी गोंदायले बसवली तं लय रडली. मीच मनलं, राहू द्या. आता ते तिकडं आली तं मी तिले वळखीन कशी? तिच्यापाशी हा फोटो राह्यला तं दाखवन मले."

मग त्यांनीच विचारलं, "हा कागुद किती टिकते?"

गिऱ्हाइकाला या प्रश्नाचं उत्तर मी नेहमी तोंडपाठ दिलेलं आहे, जरा वाढवूनच. त्यांना मी खरं ते सांगितलं. "उन्हापाण्यापासून जपला तर तुमची नात म्हातारी होईतोवर टिकेल, आजी."

त्यांनी हिशेब केल्यासारखी मान हलवली.

"मंग लय झालं. तिले सांगजो, यायची घाई नोको करू मना."